बादलीतली रात्र: संत्र्याच्या सालीतल्या पेक्टिनच्या प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

मृग बहाराची संत्री बाजारात आली आणि आमच्या प्रकल्पाला एकदाचा मुहूर्त लागला. विषय कागदावर लांबलचक आहे. साध्या भाषेत सांगायचं तर नागपुरी संत्र्याच्या सालीत पेशीभित्तिकेच्या (पेशीभोवतीच्या आवरणाच्या) कोणत्या बहुशर्करा (साध्या शर्करांच्या लांब माळा) आहेत आणि त्यांची रचना कशी आहे, हे एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात जमेल तेवढं बघायचं. मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "सगळी साल सोडवायला जाऊ नकोस. पेक्टिन धर. बाकीचं वेळ उरला तर."

पेक्टिन म्हणजे जेली गोठवणारी बहुशर्करा. तेच का, हे इथे लिहून ठेवते. लिंबूवर्गीय फळांच्या सुक्या सालीत साधारण २० ते ३० टक्के पेक्टिन असतं. सफरचंदाच्या चोथ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. जगभरच्या जॅम-जेलीत पडणारं पेक्टिन बहुतांशी याच सालींतून येतं. आणि आमच्या गावात ती साल रसवंतीमागच्या ड्रममध्ये पडलेली असते.

कॉलेजजवळच्या रसवाल्या दादांशी बोलून ठेवलं. "साली घेऊन जा ना, फुकट घेऊन जा. पण करून काय राहिली एवढ्या सालीचं?" मी म्हटलं, जेली होते त्याची. ते म्हणाले, "मग आमाले बी दे एक बाटली."

६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला लॉट आणला, नाव 'क'. सकाळी ११ वाजता सोललेल्या साली १२च्या आत प्रयोगशाळेत.

संत्र्याच्या सालीला दोन थर. बाहेरचा रंगीत, त्यात तेलाच्या पिशव्या. आतला पांढरा, स्पंजासारखा. पेक्टिन मुख्यतः पांढऱ्यात. मोसंबीची पांढरी साल जाड असते, सुरीने सहज सुटते. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल आणि पांढरा थर कागदासारखा पातळ. चमच्याच्या कडेने खरवडत बसले तर दोन तासांत जेमतेम मूठभर. शेवटी रंगीत-पांढरी वेगळी करण्याचा नाद सोडला. अख्खी साल घ्यायची आणि तसं प्रबंधात स्पष्ट लिहायचं.

साली बारीक चिरून उकळत्या ८० टक्के इथेनॉलमध्ये २० मिनिटं. यात तीन कामं होतात: साखर निघते, रंग आणि तेल निघतं, आणि सालीतली विकरं म्हणजे एन्झाइम मरतात. तिसऱ्या कामाकडे आज माझं लक्षही नव्हतं. प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय म्हणून केलं. गाळून, पुन्हा अल्कोहोलने, शेवटी ॲसिटोनने धुऊन वाळवलं. हातात आली फिकट बदामी रंगाची, वास नसलेली भुकटी. हिला अल्कोहोलमध्ये न विरघळणारा अवशेष म्हणतात. आम्ही नुसतं 'अवशेष' म्हणतो.

गाळलेलं अल्कोहोल रात्रभर राहिलं तर तळाशी पांढुरकी पूड बसलेली दिसली. मला वाटलं पेक्टिन वाहून गेलं. चिमूटभर पूड सौम्य अल्कलीत टाकली तर पिवळी धमक झाली. म्हणजे हेस्पेरिडिन, पेक्टिनहून अगदी वेगळं एक वनस्पती-रसायन. संत्र्याच्या सालीत ते भरपूर असतं. बाजूला ठेवून दिलं. (हेच पुढे मला नडणार होतं.)

१० फेब्रुवारी, शनिवार

दुसरा लॉट, 'ख'. साली संध्याकाळी ५ वाजता मिळाल्या. प्रयोगशाळेत आले तर अल्कोहोलच्या कपाटाला कुलूप, किल्लीवाले घरी गेलेले. साली चिरून झाल्या होत्या. बादलीत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्या.

११ फेब्रुवारी, रविवार

अटेंडंट काकांनी रविवार असूनही येऊन कपाट उघडून दिलं. सकाळी ११ वाजता साली अल्कोहोलमध्ये. साली ताज्याच दिसत होत्या, वास चांगला, बुरशी नाही. वहीत "१८ तास उशीर" असं लिहिलं आणि विसरून गेले.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

'क' मधून पेक्टिन काढलं. १० ग्रॅम अवशेष, पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २, ८५ अंश सेल्सियसला एक तास. मलमलच्या कापडातून गाळताना हात भाजले. गाळलेल्या द्रावणात दुप्पट इथेनॉल ओतलं की पेक्टिन वर येतं. पहिल्यांदा बघितलं ते विसरणार नाही. नितळ द्रावणात एकदम पारदर्शक, लोंबकळणारे ढग. काचेच्या कांडीला गुंडाळून उचलता येतात. काका म्हणाले, "शेंबडासारखं दिसून राहिलं." खरं तर तेच सर्वात अचूक वर्णन आहे. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली या पदार्थाला नाव दिलं तेही त्याच्या गोठण्यावरूनच, ग्रीक शब्दापासून.

धुऊन, ५० अंशांना वाळवून २.८ ग्रॅम.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

'ख' चंही पेक्टिन काढलं. २.७ ग्रॅम. सगळं सुरळीत. दोन्ही भुकट्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पहिला आकडा, आणि पहिला घोळ.

आधी रचना, कारण त्याशिवाय घोळ कळत नाही. पेक्टिनचा कणा म्हणजे गॅलॅक्च्युरॉनिक आम्लाची लांब माळ. मणी एकमेकांना अल्फा-१,४ बंधांनी जोडलेले. प्रत्येक मण्याच्या सहाव्या कार्बनवर आम्ल गट. काही मण्यांवर तो गट मोकळा असतो, काहींवर मिथाइल गटाने झाकलेला (झाकलेल्या गटाला एस्टर म्हणतात). शंभरांपैकी किती झाकलेले, त्याला एस्टरीकरणाचं प्रमाण म्हणतात. ५० च्या वर असेल तर 'हाय मेथॉक्सिल' पेक्टिन: त्याची जेली व्हायला भरपूर साखर आणि आंबटपणा लागतो. ५० च्या खाली 'लो मेथॉक्सिल': त्याला साखर नको, कॅल्शियम हवं.

मोजायची रीत जुनी आणि स्वस्त. अर्धा ग्रॅम पेक्टिन पाण्यात विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन, म्हणजे आम्ल संपेपर्यंत अल्कली थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजायचं. जेवढं लागलं तेवढे मोकळे गट. मग जास्तीचं अल्कली घालून अर्धा तास ठेवायचं, मिथाइल गट सुटतात. तेवढंच आम्ल घालून पुन्हा अनुमापन. आता लागलं तेवढे झाकलेले गट.

क: पहिलं ५.८ मिली, दुसरं १५.० मिली. प्रमाण ७२ टक्के.
ख: पहिलं १०.६ मिली, दुसरं १०.९ मिली. प्रमाण ५१ टक्के.

तीच रसवंती, तोच बहार, चार दिवसांचा फरक. एकवीस टक्क्यांचा फरक असा येत नसतो. तीनदा केलं, तीनदा तेच.

१७ फेब्रुवारी, शनिवार

माझाच काहीतरी गाढवपणा असणार असं धरून चालले. 'ख' धुताना घाई झाली होती. पेक्टिनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल अडकून राहिलं असेल तर तेही अल्कली खाणार आणि मोकळे गट फुगलेले दिसणार. धुण्याच्या शेवटच्या अल्कोहोलचा थेंब घेऊन त्यात सौम्य नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. दुधासारखं पांढरं झालं. क्लोराइड शिल्लक, म्हणजे आम्लही शिल्लक! चोर सापडला म्हणून चहा प्यायला गेलो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

काल शिवजयंतीची सुट्टी. आज 'ख' सत्तर टक्के अल्कोहोलने सहा वेळा धुतलं, सिल्व्हर नायट्रेट नितळ राहीपर्यंत. वाळवून पुन्हा अनुमापन: ९.४ आणि ११.१. प्रमाण ५४ टक्के.

सुधारलं, पण तीन टक्केच. उरलेल्या अठराचं काय? चहाचे पैसे वाया.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी आकड्यांकडे न बघता वहीची आधीची पानं उलटली. १० तारखेवर थांबल्या. "हे काय? १८ तास? बादलीत?"

मी सांगितलं की साली चांगल्या होत्या, सडल्या नव्हत्या.

"सडायला कशाला हव्यात? साल झाडावरून उतरली म्हणून मेली असं तुला कोणी सांगितलं?"

मग अर्धा तास शिकवणी. पेशीमध्ये पेक्टिन गॉल्जी पिंडात तयार होतं तेव्हा जवळजवळ सगळे मणी झाकलेले असतात. ते भित्तिकेत पोचल्यावर तिथलं पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं विकर गरजेप्रमाणे मिथाइल गट कापत जातं. मोकळ्या झालेल्या मण्यांमध्ये कॅल्शियम बसतं आणि भित्तिका घट्ट होते. संत्र्याची साल तर या विकराचा इतका चांगला साठा आहे की प्रयोगशाळांना विकत मिळणारं मिथाइलएस्टरेज संत्र्याच्या सालीतूनच काढलेलं असतं. शाबूत सालीत ते भित्तिकेला चिकटून शिस्तीत असतं. मी साल चिरली, रस फुटला, विकर आणि पेक्टिन एकत्र भिजले आणि रात्रभर काम चालू राहिलं. उकळत्या अल्कोहोलची २० मिनिटं हे काम थांबवण्यासाठीच होती.

प्रोटोकॉलची तिसरी ओळ मला आज कळली.

"पटलं का?" मॅडम म्हणाल्या. मी हो म्हटलं. "मग पटवून घेऊ नकोस, करून दाखव."

२६ फेब्रुवारी, सोमवार

रसवाल्या दादांना सांगून पहाटेच्या पहिल्या घाण्याच्या साली घेतल्या. त्यांच्या मते मी आता नोकरीला लागले आहे त्यांच्याकडे. साल एकाच वेळी चिरून पाच वाटे केले:

पहिला लगेच उकळत्या अल्कोहोलमध्ये. दुसरा २ तासांनी, तिसरा ६ तासांनी, चौथा १८ तासांनी. आणि पाचवा, जो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो: आधी १० मिनिटं वाफवून विकर मारलं आणि मग तसाच ओला १८ तास ठेवला. फरक नुसत्या वेळेमुळे किंवा ओलाव्यामुळे असेल तर पाचवाही खाली येईल. विकरामुळे असेल तर येणार नाही.

रात्री ११ ला अठरा तासांचा वाटा संपवून घरी जायचं होतं, पण सकाळी उशिराच सुरू झाल्याने गणित कोलमडलं. आईने फोनवर विचारलं, "साली सोलायला एवढा वेळ?" तिच्या लेखी संत्र्याची साल म्हणजे वाळवून उटण्यात घालायची वस्तू.

१ मार्च, शुक्रवार

पाचही वाट्यांचं पेक्टिन काढून, यावेळी प्रत्येकाची क्लोराइड तपासणी करून, अनुमापन झालं.

लगेच: ७२. दोन तास: ६९. सहा तास: ६२. अठरा तास: ५५. वाफवून मग अठरा तास: ७१.

शेवटचा आकडा आला तेव्हा काकांना ओरडून सांगितलं. त्यांनी विचारलं, "७१ चांगलं असते का?" मी म्हटलं, आज तर फारच चांगलं.

हे जुळवून लिहायला बसले तेव्हा चुन्याची निवळी आठवली. कोहळ्याचा पेठा करताना फोडी निवळीत ठेवतात म्हणजे पाकात गळत नाहीत. तिथेही भित्तिकेतल्या मोकळ्या मण्यांमध्ये कॅल्शियमच जाऊन बसतं. आजीला मिथाइलएस्टरेज माहीत नव्हतं, पण फोडी किती वेळ ठेवायच्या ते बरोबर माहीत होतं.

४ मार्च, सोमवार

एफटीआयआर यंत्राची पाळी लागली. नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो ते ते दाखवतं. अवरक्त वर्णपटात एस्टरचा कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) १७४० प्रति सेंमीच्या आसपास दिसतो, आणि मोकळा आम्ल गट क्षाररूपात असला तर १६१० च्या आसपास. दोन शिखरांच्या गुणोत्तरावरून एस्टरीकरणाचा अंदाज येतो. अनुमापनाला साक्षीदार मिळेल म्हणून उत्साहाने गेले.

'क' ८६ टक्के. 'ख' ७७ टक्के.

साक्षीदार फितूर. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "नमुना आम्लाने धुतलेला आहे का?" होता. आम्लाने धुतल्यावर मोकळे गट क्षाररूपात राहत नाहीत, प्रोटॉन घेऊन बसतात. आणि तसल्या आम्ल गटाचं शिखर एस्टरच्याच शेजारी, जवळजवळ त्याच जागी येतं. म्हणजे मोकळे मणी झाकलेल्यांच्या रांगेत उभे राहून मोजले जातात. मोजण्याआधी नमुना सोडियम क्षारात बदलायला हवा.

६ मार्च, बुधवार

सोडियम क्षार करायचा म्हणून पेक्टिन पाण्यात घेऊन पीएच ७ केला. लवकर विरघळावं म्हणून वॉटर बाथमध्ये ८० अंशांना ठेवलं. अर्ध्या तासाने द्रावण पाण्यासारखं पातळ.

ही चूक पुस्तकात ठळक अक्षरात आहे आणि मी ती तरीही केली. एस्टर असलेलं पेक्टिन आम्लात गरम चालतं, पण उदासीन किंवा अल्कली द्रावणात गरम केलं की माळ तुटते. याला बीटा-विलोपन म्हणतात. मिथाइल गटाने झाकलेल्या मण्याजवळच बंध तुटतो आणि तुटलेल्या टोकाला चौथ्या-पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. हा दुहेरी बंध जिथे प्रकाश शोषतो त्या २३५ नॅनोमीटरला शोषण बघितलं, वर गेलेलंच. नमुना फेकला. पुन्हा थंड पाण्यात, हळू ढवळत, चार तास.

नव्या नमुन्याचा वर्णपट: क ७४, ख ५६. अनुमापनाशी जुळलं.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन झोपले.

११ मार्च, सोमवार

मॅडमचा नवा प्रश्न. "तुझ्या 'ख' मध्ये ५४ टक्के झाकलेले आहेत. कुठले ५४?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी फळ्यावर दोन माळा काढल्या. दोन्हींत तेवढेच काळे (झाकलेले) मणी, तेवढेच पांढरे (मोकळे). एकीत पांढरे इथे-तिथे विखुरलेले. दुसरीत पांढरे सलग ओळीने, गटागटाने. दोन्हींचं एस्टरीकरण सारखंच. अनुमापनाला आणि एफटीआयआरला दोन्ही एकच.

वनस्पतीचं मिथाइलएस्टरेज माळेवर एका जागी बसतं आणि तिथून सरळ पुढे मिथाइल काढत जातं, म्हणजे मोकळ्या मण्यांचे सलग पट्टे तयार होतात. अल्कली मात्र कुठेही, जिथे हात पोचेल तिथे. कॅल्शियमचं गणित पट्ट्यांवर चालतं. दोन माळांचे मोकळे पट्टे समोरासमोर आले की मध्ये कॅल्शियमचे आयन बसतात, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. १९७३ साली ग्रँट, मॉरिस, रीस आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा तिला नावच 'अंड्याचं खोकं' पडलं. एखाददुसरा मोकळा मणी असून उपयोग नाही. एकट्या खळग्यात अंडं ठरत नाही.

म्हणजे विकराचा हात आहे हे दाखवायचं तर फक्त आकडा पुरेसा नाही, पट्टे दाखवायला हवेत. रेणूची रचना थेट दाखवणाऱ्या एनएमआर यंत्राची सोय लगेच नाही. पण कॅल्शियम क्लोराइडची बाटली कपाटात आहे.

१३ मार्च, बुधवार

तिसरा नमुना बनवला, 'ग'. 'क' मधलं २ ग्रॅम पेक्टिन बर्फात ठेवून थंड अल्कलीने ७२ वरून ५४ वर आणायचं. थंड का, ते ६ मार्चच्या नोंदीत आहे. हिशेबाने ०.१ नॉर्मल अल्कली १५ मिली लागायला हवं. थेंबथेंब टाकत पीएच ११ च्या आसपास धरून ठेवलं. १५ मिली संपल्यावर आम्ल घालून थांबवलं. अल्कोहोलने वर काढून, धुऊन, वाळवून अनुमापन: ५५. 'ख' ५४, 'ग' ५५. जवळजवळ जुळे.

माळेच्या लांबीत फरक असेल तर पुढचा निष्कर्ष कच्चा राहील, म्हणून ओस्टवाल्डच्या व्हिस्कोमीटरमध्ये (दाटपणा मोजायच्या काचेच्या नळीत) दोन्हींचा वाहण्याचा वेळ बघितला. एकमेकांपासून दोन सेकंदांच्या आत.

१४ मार्च, गुरुवार

तीन बीकर. प्रत्येकात एक टक्का पेक्टिनचं द्रावण, पीएच ५. ढवळत कॅल्शियम क्लोराइडचे थेंब.

'क': काहीच नाही. सरबत.

'ग': किंचित दाट झालं. बीकर तिरपा केला तर तेलासारखं वाहतं.

'ख': चौथ्या-पाचव्या थेंबाला ढवळणीभोवती गुठळ्या, दहाव्याला सगळं एकसंध. बीकर उपडा केला. पडलं नाही.

तिघांचे मोबाइलवर फोटो काढले. उपड्या बीकरचा फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं: "छान. पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा उपडा.

पुस्तकी व्याख्येप्रमाणे 'ख' अजूनही हाय मेथॉक्सिल आहे, ५० च्या वर. त्याने साखरेशिवाय, नुसत्या कॅल्शियमने गोठायला नको होतं. ५० ची रेघ मोजायला सोपी आहे म्हणून पाठ्यपुस्तकात मोठी झाली असावी, असं माझं मत. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

१८ मार्च, सोमवार

कणा झाला, आता फांद्या. पेक्टिन म्हणजे फक्त सरळ माळ नाही. मधेमधे कणा बदलतो: एक गॅलॅक्च्युरॉनिक आम्ल, एक ऱ्हॅम्नोज (ही दुसरी एक साधी शर्करा), पुन्हा एक, पुन्हा एक. या भागाला ऱ्हॅम्नोगॅलॅक्च्युरोनन-१ म्हणतात, आणि ऱ्हॅम्नोजच्या चौथ्या कार्बनवरून ॲरॅबिनोज आणि गॅलॅक्टोजच्या फांद्या फुटतात. सरळ भाग गुळगुळीत, हा भाग केसाळ.

फांद्यांमधल्या शर्करा ओळखायला पेपर क्रोमॅटोग्राफी: माळ फोडून सुट्या शर्करा कागदावर वेगवेगळ्या ठिपक्यांत पाहायच्या. जुनी रीत, पण गॅस क्रोमॅटोग्राफच्या रांगेत माझा नंबर मे महिन्यात आहे. अवशेष आणि पेक्टिन दोन्हींचं ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्लात जलविघटन, ब्युटानॉल-ॲसिटिक आम्ल-पाणी, रात्रभर. सकाळी ॲनिलिन थॅलेटचा फवारा आणि ओव्हन. पेंटोज (पाच कार्बनच्या शर्करा, जसा ॲरॅबिनोज) लालसर उठतात, हेक्सोज (सहा कार्बनच्या, जसा ग्लुकोज) तपकिरी. हा क्षण फोटो धुण्यासारखा असतो.

अवशेषात ॲरॅबिनोजचा ठसठशीत लाल ठिपका. त्याच वजनाच्या पेक्टिनमध्ये फिकट. कारण काढताना वापरलेलं गरम आम्ल: ॲरॅबिनोजचे बंध आम्लात पटकन तुटतात, गॅलॅक्च्युरॉनिक आम्लाचे आपसातले बंध चिवट. म्हणजे बाटलीतलं पेक्टिन हे सालीतलं पेक्टिन नव्हे, भादरलेलं पेक्टिन आहे.

ऱ्हॅम्नोजचा ठिपका मात्र अपेक्षेपेक्षा फारच मोठा, अवशेषात विशेषतः. केसाळ भाग एवढा जास्त? खूश होऊन लिहायला घेतलं.

१९ मार्च, मंगळवार

खुशी एक दिवस टिकली. ६ फेब्रुवारीची पांढरी पूड! हेस्पेरिडिनच्या रेणूला रुटिनोज ही जोडशर्करा लटकलेली असते, आणि रुटिनोज म्हणजे ऱ्हॅम्नोज अधिक ग्लुकोज. अवशेष नीट धुतला गेला नसेल तर त्यात हेस्पेरिडिन राहणार, जलविघटनात फुटणार, आणि त्याचा ऱ्हॅम्नोज मी भित्तिकेच्या खात्यावर जमा करणार. अवशेष गरम मिथेनॉलने सॉक्सलेटमध्ये (सतत धुत राहणाऱ्या काचेच्या उपकरणात) दिवसभर धुतला. पुन्हा कागद. ऱ्हॅम्नोजचा ठिपका लहान झाला, ग्लुकोजचाही थोडा फिकटला. ॲरॅबिनोज जसाच्या तसा.

लिहिलेली दोन पानं खोडली. फाडली नाहीत, मॅडम वहीतली पानं मोजतात.

२१ मार्च, गुरुवार

आम्लाने पेक्टिन काढल्यावर उरलेला चोथा फेकवेना. ४ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, थोडं सोडियम बोरोहायड्राइड घालून (नाहीतर अल्कली माळेच्या टोकापासून मणी सोलत जातं), रात्रभर ढवळलं. त्यात हेमिसेल्युलोज, म्हणजे भित्तिकेतल्या पेक्टिन आणि सेल्युलोज सोडून बाकीच्या बहुशर्करा, निघतं. द्विदल वनस्पतींच्या प्राथमिक भित्तिकेत त्यातलं मुख्य झायलोग्लुकन: कणा सेल्युलोजचाच, ग्लुकोजचा बीटा-१,४, पण साधारण चारांपैकी तीन ग्लुकोजवर झायलोज बसलेला.

ओळखायची युक्ती छान आहे. आयोडीन-पोटॅशियम आयोडाइड आणि सोडियम सल्फेट घातलं की झायलोग्लुकन निळसर-हिरवं होतं. तुलनेला खात्रीचं झायलोग्लुकन हवं होतं. ते घरातच निघालं: चिंचोके. चिंचोक्याच्या पिठात झायलोग्लुकन भरलेलं असतं, धनगर घोंगडीला खळ देतात ती याचीच. आईने वाटून दिलं. परीक्षानळीत चिंचोका गडद निळा-हिरवा, माझा सालीचा अंश फिकट, पण रंग तोच. दोन्ही तंतोतंत एक नाहीत. भित्तिकेतल्या झायलोग्लुकनवर सहसा फ्युकोजही असतो, चिंचोक्यातल्यावर नसतो. पण तेवढा तपास या प्रकल्पात नाही.

उरलेला पांढरा गोळा सेल्युलोज. त्याला कोणी काही केलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

तटस्थ शर्करांचा एकूण अंदाज, फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाने. ब्लँकच, म्हणजे नमुना न घातलेली नळीच, नारिंगी आली. दोन तास अभिकर्मकांवर संशय घेतल्यावर काकांनी विचारलं, "नळ्या कशानं पुसून राहिली?" टिश्यू पेपरने. टिश्यूचा धागा म्हणजे सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोज. मी बहुशर्करा मोजताना नळीत बहुशर्कराच घालत होते.

पुढे होळी, तीन दिवस बंद.

२७ मार्च, बुधवार

काटोलच्या मामाचा फोन. संत्र्यावर बोरॉन फवारतोय, ते कशाला लागतं म्हणून विचारत होता, "तू तर सालीवरच शिकून राहिली ना." योगायोगाने उत्तर पेक्टिनमध्येच आहे. ऱ्हॅम्नोगॅलॅक्च्युरोनन-२ हा भाग प्रमाणाने अगदी थोडा, पण त्याच्या फांद्यांमध्ये बारा वेगवेगळ्या शर्करा असतात. त्यातली ॲपिओज ही शर्करा बोरॉनला धरते, आणि एक बोरॉन दोन माळांना बांधतो. १९९६ साली हे उलगडलं. बोरॉन कमी पडला की नव्या पेशींच्या भित्तिका नीट बांधल्या जात नाहीत. मामा सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे फवारू ना?" फवार म्हटलं, कृषी सहायकाने सांगितलंय तेवढंच.

३० मार्च, शनिवार

नमुने बाटल्यांत भरले. आधीच्या लेबलवर फळ, बहार आणि तारीख एवढंच होतं. मॅडमनी सगळी काढायला लावली. आता लेबलवर पाच ओळी आहेत: साल कधी सोलली, किती वाजता चिरली, किती वाजता उकळत्या अल्कोहोलमध्ये गेली, कशाने काढलं, क्लोराइड तपासलं की नाही. 'ख' च्या बाटलीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात "बादली, १८ तास" असं लिहिलं आणि ती 'क' च्या पुढे ठेवली.

एनएमआरसाठी क, ख, ग तिन्ही ड्युटेरियमच्या पाण्यात देण्याचं ठरलंय. पट्टे तिथे थेट दिसायला हवेत. नंबर लागेल तेव्हा.

रसवाल्या दादांना कबूल केलेली जेली अजून बाकी आहे. 'क' चं पेक्टिन घेतलं तर पातेलंभर साखर लागेल. त्यामुळे आणलेल्या सालींपैकी अर्ध्या आज मुद्दाम चिरून बादलीत ठेवल्या आहेत.